डाव्या पायाचा फर्मा

ता. ९ जानेवारी

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र नाही, निरोप नाही. फोन करावा तर त्या हातोडीने तुझे दोन्ही कान खाल्लेत. मी इकडून घसा फोडायचा आणि तू तिकडून नुसतं काय, काय करायचं. तेव्हा आपलं हेच बरं. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिना कमी चढ.

आता तक्रार, आणि ती तुझ्याच कामाची. डावा बूट पुन्हा सैल लागतोय. नोव्हेंबरात आले होते तेव्हा तू ज्यावर बूट बेततोस तो माझ्या पायाचा लाकडी फर्मा थोडा तासून बूट घट्ट करून दिलास, पण तेवढ्याने भागलं नाही. पाय आत कुठेतरी पोहत असतो, जमीन लागतच नाही. एकतीस वर्षं तुझ्या हातचे बूट घालून नाचतेय, असं कधी झालं नव्हतं. म्हातारा झालास का रे? आणखी अर्धा नंबर घट्ट कर. आधी चावेल, मग चामडं सैल होईल वगैरे मला शिकवू नकोस.

दुसरी एक गंमत सांगते. माझा वर्ग बेकरीच्या वर. सकाळी खालची भट्टी पेटली की आमची फळ्यांची जमीन कोमट होते आणि मुली आधी अनवाणी उभ्या राहून तळवे शेकून घेतात. यंदा ती जमीन गारच. शेवटी खाली जाऊन बेकरीवाल्याला विचारलं, की भट्टी उशिरा पेटवायला लागलास का. तो म्हणाला, बाई, भट्टी तीच, वेळ तीच. मला काही ते पटलं नाही. माणूस आळशी झालाय, दुसरं काय.

एप्रिलात वर्गाचा कार्यक्रम आहे. शेवटचा नाच मी करणार, आपल्या नाचाच्या मास्तरांनी बसवलेला, सोळा गिरक्यांचा. एकसष्टाव्या वर्षी हे कशाला, असं तू म्हणशील. म्हण. बूट महिनाअखेर पाठव म्हणजे झालं.

राग मानू नकोस, मानलास तर पत्रातून काढ.
तुझी ताई


ता. १६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसलो आणि मग फर्मा काढून बसलो. तुझ्या पायांची ती जोडी अजून खिडकीशेजारच्या फळीवरच असते, गिऱ्हाइकांच्या फर्म्यांत मी ती मिसळत नाही. डावा पुन्हा तासला. लाकूड एकदा गेलं की परत चिकटवता येत नाही, म्हणून हात जड झाला होता. पण पाय तुझा, तुला कळणार की मला? उजव्याला हात लावलेला नाही, त्याची तुझी तक्रार कधीच नसते.

टाचेच्या आत मऊ कातडं घातलंय आणि शिवण बाहेरून घेतली आहे. दोन दिवस घरात घालून फिर, मग नाच.

हिचा गुडघा ठीक आहे. जिना कमी चढ हे ऐकून ती म्हणाली, की नणंदबाईंनी आधी सोळा गिरक्या कमी कराव्यात.

तुझा लोभ आहे म्हणूनच बोलणी गोड लागतात.
तुझा ठोक्या


ता. २० फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

बूट झकास. किती दिवसांनी पायाखाली जमीन आली! तुझ्या हातांना वय झालेलं नाही, शब्द मागे घेते.

परवा तालमीनंतर आमची उंच पोरगी, जिला सगळे शिडी म्हणतात, ती फळ्यांवर ओणवी होऊन काही पुसत होती. विचारलं तर म्हणाली, रक्ताचे ठिपके आहेत. मी सगळ्यांचे पाय तपासले, कुणाला काही लागलेलं नव्हतं. घरी येऊन बूट काढला तेव्हा कळलं, माझंच होतं. अंगठ्याला फोड येऊन फुटला होता. गंमत म्हणजे जरासुद्धा दुखलं नाही. पन्नास वर्षं नाचलं की पायाला एवढी तरी अक्कल येते. कापूस लावला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहिले.

नव्या मुली आल्या आहेत. पहिला महिना त्यांना मी काहीच नाचू देत नाही, तुला आठवतंच. एका पायावर शंभरपर्यंत उभं राहायचं, बस. अर्धं वजन चोरून ठेवतात आणि मग कलंडतात. रोज घसा कोरडा करते, की उभ्या पायाला सगळं वजन देऊन टाका, तरच दुसरा सुटतो.

वहिनीला म्हणावं, गिरक्या कमी होणार नाहीत.
माया आहे तशी राहू दे.
तुझी ताई


ता. ९ मार्च, इस्पितळातून

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण मीच घाबरले आहे.

अंगठा काळा पडला. शिडीने पाहिला आणि मला जवळजवळ उचलूनच इथे आणलं. रक्तात साखर आहे म्हणे, कित्येक वर्षांपासून. तिने डाव्या पायाच्या नसा मारून टाकल्या. डॉक्टरांनी माझे डोळे मिटायला लावले आणि तळव्याला सुई टोचली. मी म्हटलं, कधी टोचताय? ते म्हणाले, तिसऱ्यांदा टोचून झालं. आता तुला कळलं असेल बेकरीची जमीन गार का होती. त्या बिचाऱ्याला मी उगाच बोलले.

विष वर चढतंय. इंजेक्शनं चालू आहेत, त्यावर शनिवार, सोळा तारखेपर्यंत थांबता येईल. त्याच्या आत घोट्याच्या वरून पाय काढायचा. नाहीतर मग गुडघा, आणि त्यानंतर काढण्यासारखं काही उरणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. कागद उशाशी ठेवलाय. मी सही करणार नाही.

मला समजावायला बसू नकोस. अक्षरं गिरवायच्या आधी मी पावलं शिकले. लग्न केलं नाही, घर केलं नाही, एक वर्ग तेवढा केला. पाय गेल्यावर मी कोण? खुर्चीत बसून टाळ्या वाजवणारी बाई? त्यापेक्षा दोन्ही पायांनिशी जाईन.

तुझी ताई


ता. ११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तुझ्यासमोर उभं राहून हे बोलता येणार नाही, म्हणून आधी लिहितोय. मी परवा पोचेन. मला पाहायचं की नाही ते वाचून ठरव.

नोव्हेंबरात तू आलीस तेव्हा मी पट्टीने तुझं माप घेतलं होतं. डावा पाय फर्म्यापेक्षा पाव इंच रुंद भरला. पुन्हा मोजला, तेच. पायाला सूज होती, ताई. तू सैल म्हणत होतीस आणि पट्टी घट्ट म्हणत होती. मी पट्टी खिशात घातली आणि फर्मा तासला. जानेवारीत तुझं पत्र आल्यावर पुन्हा तासला. पाय सुजला होता आणि मी बूट लहान करत होतो. तुझ्या अंगठ्याला तो फोड मी आणला.

का, असं तू विचारशील. तुझ्या पायाने मला कधी चुकीचं सांगितलं नव्हतं, हे एक. पण खरं कारण ते नाही. तुला सांगितलं असतं तर तू डॉक्टरकडे गेली असतीस आणि त्याने पहिल्यांदा नाच बंद केला असता. ते मलाच सोसवलं नसतं. बाबा गेले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. मला काकांच्या दुकानात बसवलं आणि तू मास्तरांकडे जात राहिलीस. तेव्हापासून मी जो काही नाचलो, तो तुझ्या बुटांतून. तू थांबली असतीस तर मीही थांबलो असतो. इतका मी स्वार्थी निघालो.

तुझ्या पाया पडतो, सही कर. मग मला जन्मभर तोंड दाखवू नको म्हण, चालेल. पण जन्मभर म्हणायला तू असायला हवीस.

तुझा ठोक्या


ता. १३ मार्च
(नर्सबाईंच्या हाती)

ठोक्यास,

तू बाहेर बाकावर आहेस असं कळलं. आत येऊ नकोस.

तुझ्या पट्टीला कळलं होतं आणि तू गप्प बसलास. माझा पाय मुका झाला होता, तुला तर तोंड होतं. घरी जा.

ताई


ता. १४ मार्च
(दाराबाहेरच्या बाकावरून)

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलो नाही. जाणारही नाही. नर्सबाई म्हणतात, तू कालपासून भिंतीकडे तोंड करून आहेस आणि कागद तसाच पडलाय. परवा शनिवार.

सकाळी बसून बसून डोकं फिरायला लागलं, तेव्हा उठलो आणि इथेच एका पायावर उभा राहिलो. तुझा पहिला धडा. नऊ वर्षांचा होतो, तू मला कपाटाशी उभं करून मोजायचीस आणि हललो की टपली मारायचीस. अठ्ठावन्नाव्या वर्षी एक्केचाळीसपर्यंत पोचलो आणि पहारेकऱ्याच्या अंगावर कोसळलो. त्याने आधी माझ्या तोंडाचा वास घेतला. मग त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, पुन्हा करा, मी धरतो. दुसऱ्यांदा बावन्न. खरं सांगतो, तोल जात नव्हता गं, मी वजनच देत नव्हतो. जीव मुठीत धरून अर्धं मागे ठेवलं होतं.

पाय गेल्यावर मी कोण, असं तू लिहिलंस. ताई, माझा नाच बाराव्या वर्षीच गेला. मग मी कोण ते तू सांग. दर कार्यक्रमाला मला पहिल्या रांगेत बसवून तू लोकांना सांगायचीस, की घरातला खरा नाचणारा हा आहे. मला वाटायचं तू माझी समजूत काढतेस. खोटं बोलत होतीस का? नसशील, तर पाय नसलेली तूही नाचणारीच राहशील. आणि खोटं बोलत असशील, तर आपण दोघंही खोटारडे, फिटंफाट झाली, आता सही कर.

शब्द संपले माझे. मला हातांनी बोलता येतं आणि ते हात तर मी बिघडवून बसलोय. तू गेलीस तर मी फळीवरच्या त्या फर्म्यांकडे कोणत्या तोंडाने पाहू? संध्याकाळपर्यंत शंभर करून दाखवतो. जमलं नाही तर उद्या पुन्हा.

लोभ उरला नसेल तरी निदान टपली मारायला आत बोलव.
तुझा ठोक्या


ता. १५ मार्च

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

धडपडल्याचा आवाज इथपर्यंत आला रे. शंभर झाले का, ते मला पहारेकऱ्याने येऊन सांगितलं. शहाण्णव. उरलेले चार कुठे गेले?

तुझं पत्र वाचल्यावर खूप संताप आला. मग शिडीला आणि नर्सबाईंना म्हटलं, मला उभी करा. डावा जमिनीला टेकवायचा नाही या अटीवर त्या तयार झाल्या. शिडीने दोन्ही बाजूंनी नुसते हात धरले होते, धक्का लागला तर म्हणून. मी उजव्यावर उभी राहिले आणि मोजायला लागले. तिसापुढे शेजारच्या खाटेवरच्या बाई मोजायला लागल्या, मग सगळी खोलीच. एकशे बारा झाले. नर्सबाईंनीच बसवलं, नाहीतर मी अजून उभीच असते.

आयुष्यभर मी डाव्याचं कौतुक केलं. गिरकीत फिरतो तो डावा, उंच जातो तो डावा, लोक बघतात ते त्याच्याकडे. उजवा नुसता उभा राहायचा. सगळं वजन त्याच्यावर टाकून मी त्याला विसरून जायची. काल पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं आणि रडू कोसळलं. तू बाराव्या वर्षी दुकानात बसलास म्हणून मी मास्तरांकडे जाऊ शकले, हे मला कळत नव्हतं असं नाही. मी ते कधी बोलले नाही. तू पट्टी लपवलीस, मी हे लपवलं.

तुला माफ केलं असं समजू नकोस. ते इतक्यात जमणार नाही, वेळ लागेल, आणि तेवढा वेळ मला आता हवा आहे. सकाळी सही केली.

मला भीती वाटते, ठोक्या. फार वाटते. रात्रभर डाव्या पायावरून हात फिरवत होते. हाताला तो कळत होता, त्याला माझा हात कळत नव्हता. मी त्याला सोळाही गिरक्या तोंडाने मोजून ऐकवल्या.

आता काम सांगते. तासलेला डावा फर्मा मोडून टाक, तो माझा पाय नव्हे. उजव्याला कधी हात लावला नाहीस ना? तो खरा आहे. त्याच्यावरून उलटा धरून नवा डावा कोर. इथे खोटे पाय बसवणारा एक कारागीर आहे, त्याला तो नेऊन दाखव आणि त्याच्या डोक्यावर बसून तसाच पाय करून घे. मग बूट शिव, दोन्ही. वर्ग तोवर शिडी सांभाळेल. एप्रिलचा नाच होणार नाही. पुढचं मला काही ठाऊक नाही, तूही काही गोड लिहू नकोस.

उद्या मला आत नेतील तेव्हा दाराशी उभा राहा. दोन्ही पायांवर.

माया होती तिथेच आहे, रागाखाली.
तुझी ताई

ता. क. : नवा पाय बसला की मी म्हणणारच, सैल आहे, जमीन लागत नाही, अर्धा नंबर घट्ट कर. रडेन, भांडेन, तुला म्हातारा म्हणेन. पट्टी सांगेल तेच माप धर. या वेळी माझं ऐकू नकोस.