लाल गाडी, पांढरी कूपे आणि एक अट

मी खाली सही करणारी, ड्रायव्हिंग स्कूलची निवृत्त शिक्षिका, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. दबाव आणून पाहिला गेला. उपयोग झाला नाही. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण जावयांना शंका आहे.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावी. यावर वाद नाही.

२. पांढरी कूपे, म्हणजे ती नवी दोन दारांची गाडी, हीही तिलाच परत जावी. ती तिनेच मला घेऊन दिली आणि त्याच दिवशी माझ्या जुन्या लाल स्पोर्ट्स कारची किल्ली काढून नेली. निमित्त एवढेच, की लाल गाडी भर चौकात बंद पडली. "आई, त्यात एअरबॅगसुद्धा नाही गं! तुला काही झालं तर मी काय करू?" असे म्हणून ती रडली, म्हणून त्या वेळी मी किल्ली नेऊ दिली.

कूपे वाईट आहे असे मी म्हणत नाही. बटण दाबले की सुरू होते, पावसात छत गळत नाही, वेगात तर लाल गाडीला सहज मागे टाकते. पण सतत टोकते. पट्टा लावा, रेषेत राहा, आता विश्रांती घ्या! अर्ध्या शहराला गाडी शिकवलेल्या बाईला गाडीनेच शिकवावे, यासारखा वैताग नाही. लाल गाडी चोक ओढल्याशिवाय हलत नाही, क्लच दाबून पाय भरून येतो. पण रस्त्यातला खडा न् खडा हाताला कळतो. ती चालवताना मी कोणाची म्हातारी आई नसते.

३. माझी सगळी हत्यारे लाल गाडी दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला. त्याने लाल गाडीला कधी खटारा म्हटले नाही. जावयांनी म्हटले, त्यांना कूपेचे माहितीपुस्तक द्यावे.

४. लाल गाडी. जावई तिला गिऱ्हाईक शोधत आहेत. ती विकू नये. तीही मुलीचीच, पण तिने स्वतः चालवत गॅरेजबाहेर काढली तर. टोचन लावून ओढून नेल्यास हक्क जाईल.

अडचण अशी, की माझ्या मुलीला गिअरची गाडी येत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कॉलेजात असताना तिला शिकवायला बसवले, तर पहिल्याच वळणावर "तू फार ओरडतेस" म्हणून उतरून चालत घरी गेली. परक्यांवर मी कधी आवाज चढवला नाही. तिच्यावर चढला, कारण तिला काही झाले असते तर मी काय केले असते?

५. गेल्या आठवड्यात मेकॅनिककडून लाल गाडीत शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक बसवून घेतला आहे, शिकाऊ गाडीत असतो तसा. त्यावर पाय ठेवायला मी अजून आहे. म्हणून याची प्रत मी गेल्यावर नव्हे, आजच मुलीला पोचवावी.

किल्ली घेऊन ये. सपाट चपला घाल. ओरडणार नाही असे मी लिहून देत नाही. पण तू उतरून जाऊ नकोस.

साक्षीदार: १. आमचे डॉक्टर. २. वरच्या मजल्यावरचे काका, ज्यांची लाल गाडीच्या आवाजाबद्दल कायम तक्रार असते. दोघांनाही काही ठेवलेले नाही, म्हणूनच ते साक्षीला चालतात.

सही: आई

तारीख: आजची, रविवार सकाळ

ठिकाण: लाल गाडी, शेजारची सीट