भट्टीवाले आणि माझा उजवा कान

अण्णा, परवा कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. अगदी तरुण आहेत, माझ्या मुलाहूनही लहान असतील. त्यांनी मला एका बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि म्हणाले, "काकू, शिटी ऐकू आली की बटण दाबायचं." मी शिटीची वाट बघत बसले. बऱ्याच वेळाने दार उघडून ते आत आले आणि म्हणाले, "झालं." म्हणजे अर्ध्याअधिक शिट्या वाजून गेल्या होत्या. डावा कान जवळजवळ गेलाय, उजवा अजून कामाचा आहे, तो जपा, असं त्यांनी सांगितलं. "घरी हेडफोन लावून काही ऐकता का? मोठ्या आवाजात?" मी म्हटलं, भजनं ऐकते, हळू आवाजात. दहा वर्षं नन्सच्या शाळेत खरं बोलायला शिकलेली बाई मी, पण त्यांना कसं सांगणार की रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की मी हेडफोन घालते आणि तासभर तुम्ही आणलेली ती माणसं ऐकते? ते म्हणाले, आवाजाचं काही असेल तर आजपासून बंद. नाहीतर उजवाही जाईल, आणि मग फोनवर बोलणंसुद्धा जमणार नाही.

सगळं सुरू झालं ते तुमच्या चुकीमुळे, हे तुम्हाला कधी कळलं की नाही कोण जाणे. मी नववीत होते. तुम्ही बोटीवर, इंजिनरूममध्ये. मी पत्रात लिहिलं होतं की आमच्या मुख्याध्यापिका सिस्टरना भेट द्यायला चर्चमधल्या गाण्यांची कॅसेट आणा. तुम्ही कुठल्याशा बंदरात दुकानात शिरलात. इंग्रजी तुम्हाला मशीनवरच्या पाट्यांपुरतं यायचं, म्हणून तुम्ही चित्रं बघून निवडलंत. क्रूस दिसला की घेतली, अशा तीन कॅसेटी. एकीवर मोडक्या थडग्यांचं स्मशान होतं, एकीवर आगीतून वर येणारा क्रूस. "दुकानदार लय खूश झाला गो बाय," तुम्ही घरी आल्यावर सांगितलंत, "बोलला, चांगलं निवडलंस." टेपरेकॉर्डर शेजारच्यांनी लग्नाला नेला होता, त्यामुळे न ऐकताच मी त्या कॅसेटी लाल कागदात बांधून शाळेत नेल्या.

सिस्टरनी टीचर्स रूममध्ये, सगळ्यांसमोर, पहिली कॅसेट लावली. सुरुवातीला घंटा वाजते, दूरवर, पावसात वाजावी तशी. सिस्टर डोळे मिटून हसल्या. आणि मग गिटार सुरू झाली. अजूनही त्यांचं ते तोंड मला दिसतं. त्यांनी बटण बंद करायला हात पुढे केला आणि घाईत आवाजच वाढवला. दुसऱ्या दिवशी तुम्हाला बोलावणं गेलं. तुम्ही कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलात, केसांना तेल लावून. सिस्टर म्हणाल्या, "हे काय दिलं तुम्ही मुलीच्या हातात? ऐका. हे देवाचं आहे?" आणि पुन्हा लावली. तुम्ही मान खाली घालून, एक बोट टेपरेकॉर्डरवर टेकवून ऐकत राहिलात. मला वाटलं आता तुम्ही माफी मागणार. तुम्ही म्हणालात, "सिस्टर, देवाचं मला काय कळत नाय. पण मशीन बरोबर चाललंय. वाजवणारे चौघंही टायमिंगमध्ये आहेत." सिस्टरनी तिन्ही कॅसेटी वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिल्या आणि ते पुडकं पुन्हा शाळेच्या आवारात आणायचं नाही असं मला बजावलं. घरी येताना मी तुमच्या दहा पावलं मागून चालले. मला तुमची लाज वाटत होती.

त्या सुट्टीत तुम्ही त्या कॅसेटी रोज लावल्यात. आई माजघरातून ओरडायची, "बंद करा त्या बोंबा! लोकांना वाटेल घरात मारामारी चाललीय." तुम्ही म्हणायचात, "थांब गो, ह्याचा पिस्टन बघ कसा पडतोय." बँडची वेड्यावाकड्या अक्षरांतली नावं तुम्हाला वाचता येत नव्हती, म्हणून तुम्ही तुमची ठेवलीत. संथ, जड वाजवणारे ते भट्टीवाले. दोन गिटारी जोडीनं पळवणारे ते जोडवल्हेवाले, आणि तिसरे ते घाईवाले. घाईवाल्यांचा ड्रमवाला तुम्हाला आवडायचा नाही. "तेलपाणी न करता पळवतोय, फुटणार," म्हणायचात. ह्या संगीताला हेवी मेटल म्हणतात हे मला कॉलेजात कळलं, तोवर माझ्या डोक्यात तुमचीच नावं पक्की झाली होती. आजही फोनवर गाणी शोधताना बोट खऱ्या नावावर पडतं आणि मनात येतं, चला, भट्टीवाले. तुम्ही मला अर्थ विचारायचात. "कॉन्व्हेंटला घातलंय ना तुला? सांग काय बोलतोय तो." त्या किंचाळण्यातला एक शब्द मला कळत नसे. मी ठोकून द्यायची, बोटीवरच्या माणसाची गोष्ट आहे, त्याला घराची आठवण येतेय. तुम्ही गंभीरपणे मान हलवायचात, म्हणायचात, "तरीच."

नंतर सगळं आयुष्य मी इथेच, आपल्याच गावात काढलं. लग्न, कचेरीतली नोकरी, एक मुलगा. कचेरीत कोणाला माहीत नव्हतं. वेणीत अबोली, हातात डबा, अशी बाई काय ऐकत असेल असं कोण विचारतं! पण आमचे एक साहेब दुसऱ्यांची कामं माझ्या टेबलावर आणून टाकायचे, तेव्हा एका सोमवारी बसमध्ये जोडवल्हेवाले मनात वाजत होते, आणि त्याच तालात मी जिना चढून गेले आणि म्हणाले, "माझं काम झालंय साहेब. हे माझं नाही." आवाज माझाच होता, पण एवढा सरळ कधी निघाला नव्हता. हे गेले तेव्हा लोकांनी अभंगांच्या सीड्या आणून दिल्या. मन शांत होईल म्हणाले. मला शांत व्हायचं नव्हतं. दिवस झाल्यावर पाहुणे गेले, तेव्हा मी दार लावलं आणि भट्टीवाले लावले. सगळं ठीक होईल असं मला न सांगणारे त्या महिन्यात तेवढेच होते. मी चटईवर पडून होते आणि जमिनीतून ते ठोके पाठीला लागत होते, तेव्हा कुठे मला रडू आलं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. बोट सोडून तुम्ही कायमचे घरी आलात तेव्हा तुमचे कान गेलेले होते. इंजिनरूममध्ये सगळे कानात बोळे घालायचे, तुम्ही घालायचा नाहीत. "कापूस घातला तर बेअरिंग काय म्हणतंय ते कसं कळणार?" स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून तुम्ही बिघाड शोधायचात, त्याचा तुम्हाला केवढा अभिमान. घरी तुम्ही विचारायचात, "काय म्हणालीस?" मी पहिल्या वर्षी मोठ्याने पुन्हा सांगायची. मग थोडक्यात सांगायला लागले. मग म्हणायला लागले, "काही नाही, जाऊ दे." शेवटची दोन वर्षं मी तुमच्याशी जेवलात का आणि गोळी घेतलीत का, एवढंच बोलले. तुम्ही ओटीवर बसून रस्त्याकडे बघत असायचात आणि मी समजायची की तुम्ही समाधानी आहात. तसं समजणं मला सोयीचं होतं.

माझा मुलगा बेंगळुरूला असतो. दर रविवारी अकरा वाजता त्याचा फोन येतो, आठ-दहा मिनिटं. मी उजव्या कानाला फोन लावते. तो चांगला आहे, अण्णा, पण हल्ली मी "काय म्हणालास?" विचारलं की म्हणतो, "काही नाही गं, जाऊ दे." तेच शब्द. त्याला मी शिकवले नव्हते. कान जपला तर त्या दहा मिनिटांसाठी जपायचा. नाही जपला तर रोजचा तास आहे, पण तो तरी किती दिवस? कुठल्याही शहाण्या बाईने काय करावं हे मला कळतं. डॉक्टरांकडून आले त्या संध्याकाळी हेडफोन कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. दोन संध्याकाळी गेल्या. घरात भिंतीवरचं घड्याळसुद्धा मला ऐकू येत नाही. खिडकी उघडली तर मांडवीकडून समुद्राचा वारा येतो, तो नुसता अंगाला लागतो.

हे पत्र टाकायचं कुठे? वही मिटली की झालं. पण तुमच्याशिवाय हे कोणाला सांगता येणार नाही म्हणून लिहिते. आज रविवार. साडेदहाला मी हेडफोन काढून आणला, म्हटलं, एकच गाणं, आवाज कमी ठेवून. आवाज कमी ठेवला नाही, आणि एकावर थांबलेही नाही. अकराला फोन समोर उजळला, त्यावर मुलाचा फोटो आला. त्या वेळी दोन्ही गिटारी एकत्र वर चढत होत्या. मी फोनकडे बघत राहिले, तो विझेपर्यंत. मग गाणं संपू दिलं. नंतर त्याचा पुन्हा फोन आला, "आई, कुठे होतीस?" मी म्हणाले, "इथेच होते रे, ऐकू आलं नाही." त्याला एवढंसुद्धा नवल वाटलं नाही. म्हणाला, "हो, असू दे."