जपाचा आडोसा

६ मे, सकाळी ११
ही पानं हिशेबाच्या वहीची मागची बाजू. पुढून उघडलं तर तेल, साखर, तूरडाळ. मागून उघडायचं कुणाला कारणच नाही. म्हणून मनातलं इथं लिहायचं.

कावेरीला बारावीला एक्क्याऐंशी टक्के. वैजनाथाची कृपा. तिला लातूरला नर्सिंगला जायचंय. इकडे वन्सनी, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीनं, महानंदाबाईंनी, केजचं स्थळ आणलंय. १८ तारखेला बघायला येणार. ह्यांनी होकारही कळवला. म्हणाले, "नुसतं बघायला येतेत. बघितल्यानं पोरगी झिजती का?"
तिला अठरा पूर्ण व्हायला दोन महिने आहेत. हे मी बोलले नाही. मनात आलं होतं.

वन्सची अट एकच. पोरीला आधी कळता कामा नये, नाहीतर ती मावशीकडे पळेल. न सांगणं सोपं. लपवणं अवघड. कारण दिवाळीपासून कावेरीला लोकांच्या मनातलं ऐकू येतं. घरात फक्त मला ठाऊक. ह्यांना सांगितलं तर तेलगावच्या दुकानात गल्ल्याशेजारी बसवतील तिला.

उपाय सापडला. अखंड जप. मनात ॐ नमः शिवाय चालू असेल तर दुसरं काही शिरेलच कसं? मॅट्रिक झाल्याचा असा उपयोग होतो.

७ मे
एकवीस माळा. मन एकदम सायलेंट.
भाजी निवडताना कावेरी म्हणाली, "आई, केजला कोण राहतं आपलं?"
कुणी नाही म्हणाले. सहज विचारलं असेल. केज काय लांब आहे?

९ मे
समोरची स्वप्नाली दिवसभर आमच्याकडेच. कावेरीच्या वर्गातली. तिला राग आला की गल्लीची लाइट जाते. कुणाच्या लक्षात आलेलं नाही, कारण लाइट तशीही जातेच. वायरमन धुळाजी बिचारा दोन महिने त्याच खांबावर चढतोय.
दोघी कुजबुजत होत्या. मी जप करत पोहे घेऊन गेले तर दोघी माझ्याकडे बघत राहिल्या आणि फॅन बंद पडला.
स्वप्नाली म्हणाली, "काकू, तुमी लई भोळ्या हाव."
मला बरं वाटलं. शिवाच्या भक्तानं भोळंच असावं.

१२ मे, सोमवार
उपास. परळीला जाऊन आले. नवस बोलायचा होता की १८ तारखेपर्यंत पोरीला काही कळू देऊ नको. गाभाऱ्यात ऐनवेळी तोंडातून निघालं, "तिचं चांगलं कर." तेवढ्यात मागच्या बाईनं ढकललं. असो. देवाला कळतं आपल्याला काय म्हणायचं ते.
येताना गुलाबी काठपदर साडी आणली. गव्हाच्या कोठीमागं लपवली.
संध्याकाळी कावेरी म्हणाली, "आई, गुलाबी मला शोभत न्हाई."
योगायोग.

१४ मे
कॉलेजच्या फॉर्मवर पालकाची सही पाहिजे. मुदत १९ तारीख, संध्याकाळी सहा. कावेरीनं तीनदा फॉर्म पुढं केला. ह्यांना विचारून बघू म्हणाले.
"आईची पण चालती," ती म्हणाली.
मी हातातली माळ दाखवली. हात मोकळा नाही. माळेचा हाही एक फायदा.

१७ मे, सकाळी
झोपेत जप सुटतो. म्हणून तीन रात्री डोळ्याला डोळा लावलेला नाही. भिंतीला टेकले तरी स्वतःला चिमटा काढते. काल आमटीत दोनदा मीठ, आज एकदाही नाही. हे म्हणाले, "कावून गं, अंगात आलंय का?"
आता एकच दिवस. देवा, निभाव.

१८ मे, दुपारी ४
पाहुणे येऊन गेले.
कावेरी पोह्याचा ट्रे घेऊन बाहेर आली ती गुलाबी साडी नेसूनच. मी साडी दाखवलीसुद्धा नव्हती! म्हटलं, बघा जपाचा प्रताप.
खाली बसली. मुलाची मावशी रुक्मिणीबाई नुसत्या बघत होत्या. कावेरी त्यांना म्हणाली, "मावशी, रंग आईकडून आलाय. धुतल्यानं जात न्हाई."
मग मुलाच्या वडिलांकडं, सुंदररावांकडं वळली. "काका, बुलेट पायजे असंल तर पप्पाला सरळ मागा की. पोह्यात काय शोधताव?"
मुलगा सुरज पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. त्याला हळू आवाजात म्हणाली, "पुण्यातल्या प्रियदर्शनीला तुमी सांगितलंय का, इथं आलाव म्हणून?"
बशी फुटली. वन्सनी ओरडायला तोंड उघडलं आणि लाइट गेली. समोर गच्चीवर स्वप्नाली उभी. बेचाळीस डिग्री, कूलर बंद. दहा मिनिटांत पाहुण्यांनी चपला शोधल्या.
वन्स म्हणाल्या, "वैनी, पोरीला कुणी पढवलं?"
मी माळेवर हात ठेवून सांगितलं, मी अवाक्षर बोलले नाही. खरंच आहे ते.

१९ मे, संध्याकाळी ७
वन्स निघून गेल्या. हे जेवायला आले नाहीत.
मी शेवटी कावेरीला विचारलं, माझा जप सुटला तरी कुठं?
ती म्हणाली, "आई, जप मला कधी ऐकूच आला न्हाई."
एकदाही?
"एकदाबी न्हाई. तू माळ घेतली की तुझं मन लई मोठ्यानं बोलतंय. दूध उतू गेलं का, आत्या काय म्हणतेल, साडी कुठं लपवू. आन् मधी मधी एकच. अकरावीला मी पण जाणार होते, मला कुणी विचारलं न्हाई."
वीस वर्षं. रोज पाच माळा. हा हिशेब मांडवत नाही.
सहाला वीस मिनिटं कमी होती. तिनं फॉर्म पुढं केला. माळ कोनाड्यात होती. सही केली. तिनं लगेच मोबाइलवरून पाठवला. सही करताना माझ्या मनात काही आलं नाही, असं मला वाटतं. पण ती रडायला लागली, म्हणजे आलं असणार.

आता हे घरी येतील. फार भीती वाटतेय. ती पोरीला ऐकू जाता कामा नये, नाहीतर लातूरला जायची नाही. उपाय सापडला. जप नको, पाढे. एकोणतीसचा म्हणताना मन भटकूच शकत नाही. एकोणतीस एके एकोणतीस, दुणे अठ्ठावन्न, त्रिक एक्क्याऐंशी

आत्ता आतून कावेरी ओरडली, "आई, त्रिक सत्त्याऐंशी! आन् पप्पाला आपण दोघी मिळून सांगू. आधी गॅस बंद कर, भात करपला."

बघून आले. करपलाय.