उन्हातली गोधडी

चिंचणी, बुधवार, २१ एप्रिल १९६५. संध्याकाळ

दुपारी किनाऱ्यावरून दवाखान्यात परतताना हिरा दिसली. भर उन्हात बांबूंवर बोंबील टांगत होती, अंगावर गोधडी घेऊन. माझ्या घामाच्या धारा थांबेनात, आणि हिच्या अंगावर गोधडी.

"थंडी वाजते, बाय," म्हणाली. आवाज घोगरा, शब्द सावकाश. हात धरला तर गार. चेहरा सुजल्यासारखा.

चार महिन्यांपूर्वी हीच हिरा, वजन वाढतंय म्हणून माझ्याकडे आली होती. "मी जास्त खात नाय, बाय," असं तीनदा म्हणाली. मी डॉक्टर, मला जास्त कळतं. तिच्या सासूला बोलावून बजावलं, हिला जेवायला एकच भाकरी वाढा. तेव्हापासून ती माझ्या हुकुमाने अर्धपोटी आहे, तरी फुगतेच आहे.

घरी येऊन जुनं पुस्तक काढलं. गळ्यातली ग्रंथी मंदावली की भूक कमी होते, तरी वजन वाढतं, थंडी सोसत नाही. मेंदूच्या तळाची ग्रंथी तिला चालवते. हे सगळं परीक्षेत लिहून मी पास झाले. मग हिराकडे पाहताना मला नुसतं पोटच का दिसलं? ती गोधडी डोळ्यांसमोरून हलत नाही.

तपासणीसाठी तिला मुंबईला मीच नेणार. पण आधी उद्या सकाळी तिच्या घरी जायचं. चूक माझी होती, हे सासूदेखत सांगायचं. आणि हिराच्या ताटात दुसरी भाकरी माझ्या हाताने वाढायची.