मायची स्पिरिटची बाटली

९ एप्रिल १९६३, अकोला

सकाळच्या गाडीनं अमरावतीहून आले. मायचा खुबा मोडून महिना झाला, अजून पाठीवरच पडून. ऑपरेशन मुंबईलाच. रेल्वेचे हादरे सोसणार नाहीत म्हणून नागपूरपर्यंत मोटारीत गादी घालून सावकाश, तिथून विमानानं न्यायचं ठरलं. मागच्या सीटा पाडून आडवं न्यायला कंपनी कबूल झालीय.

डॉ. पुन्हा पुन्हा सांगतात, "पाठ सांभाळा. कूस बदलून स्पिरिट चोळा, वर पावडर. कातडी सोलली की ऑपरेशन लांबलं समजा." वहिनीनं महिनाभर एक फोड येऊ दिला नाही. आज मला चोळायला शिकवलं.

१२ एप्रिल, नागपूर, विमानतळ

रागात लिहितेय, अक्षर असंच येणार.

हे आम्हाला पोचवून कोर्टाच्या तारखेसाठी लगेच अमरावतीला परतले. त्यानंतर सामान तपासणाऱ्यानं पिशवी उघडली. स्पिरिटची बाटली नाकाला लावली. कोलनवॉटरची लहानशी शीशी, तीही बाजूला. "हे नेता येणार नाही. पेट घेतं."
म्हटलं, आजारी माणसाचं औषध आहे, डॉ.ची चिठ्ठी दाखवू?
"नियम सगळ्यांना सारखा, बाई."
तिकीट देताना का नाही सांगितलं? यावर त्यानं दोन्ही बाटल्या मागच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

माय स्ट्रेचरवरून मोठ्यानं, "काहून घेतली बाटली? मी काय इमान जाळाले चालली का?" लोक हसले. मला रडू आलं.

आमच्या मागं सुटातले एक गृहस्थ. त्यांच्या पेटीतून दाढीनंतर लावायच्या पाण्याची बाटली निघाली. चांगली मोठी, परदेशी. त्याच माणसानं ती रुमालात नीट गुंडाळून परत ठेवली. वर सलाम. मी विचारलं, हे पेटत नाही का? तो पुढची पेटी उघडायला लागला.

त्याच दिवशी, दुपार

विमान बिघडलंय, कधी सुटेल कोणी सांगत नाही. छपराचा पत्रा तापलाय. मायची पाठ घामानं भिजलेली, स्ट्रेचरचं कापड टोचतंय. परत गेले त्या तपासणाऱ्याकडं. म्हटलं, बाटली विमानात नको, इथंच द्या, तुमच्यासमोर पाठीला लावते आणि परत देते. बाटली मागच्या टेबलावर दिसत होती.
"जमा झालेली वस्तू देता येत नाही."
हात जोडले. मी! वकिलाची बायको, कधी कुणापुढं... नाही दिली. विमानतळ गावाबाहेर, जवळ दुकान नाही, आणि मायला सोडून जाऊ कशी? नुसती पावडर लावली. घामात तिचा चिखल झाला.

१३ एप्रिल, मुंबई, हॉस्पिटल

काल दिवस मावळता मावळता विमान सुटलं. बसल्याबरोबर हवाई सुंदरी ट्रे घेऊन आली. तोंड पुसायला ओले रुमाल. वास घेतला तर कोलनवॉटर! पुढच्या सीटवर ते सुटातले गृहस्थ लायटरनं सिगारेट पेटवत होते. पेटतं म्हणून माझ्या मायचं स्पिरिट काढून घेतलं, आणि इथं आग हातात धरून माणसं बसलेली. ओरडावंसं वाटलं. तोच रुमाल मायच्या पाठीखाली सारला. काय उपयोग!

इथं नर्सनं कूस बदलली आणि "अरे देवा" म्हणाली. माकडहाडापाशी कातडी सोललीय. रुपयाएवढी जखम. मोठे डॉ. म्हणाले, ही सुकल्याशिवाय हात लावणार नाही.
वहिनीला काय तोंड दाखवू?

१७ एप्रिल, मुंबई

ह्यांचं पत्र. "नियमाशी भांडून काय मिळणार? जाऊ दे." वकील असून हे लिहितात! नियमाशी माझं भांडण नाहीच. विमानात आग नको हे मलाही कळतं. पण मग सर्वांचंच काढा. आणि जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला त्याचंच औषध न देणं, हा कुठला नियम? कंपनीला सविस्तर लिहून टाकलं. ह्यांना न विचारता.

२९ एप्रिल, मुंबई

कंपनीचं उत्तर. टाइप केलेलं, दोन ओळींचं. प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी नियमानुसार कार्यवाही झाली, गैरसोयीबद्दल खेद. गैरसोय!

मायला वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "त्या सुटवाल्याच्या बाटलीचं काही लिवलं का त्याईनं?"
"नाही."
"मंग दुसरं लिव्ह. तेवढंच इचार. बाकी रडगाणं नको."

लिहिलं. एकच प्रश्न. माय म्हणाली, खाली तिचं नाव घाल. तिला सही येत नाही, अंगठा उमटवला.

जखमेची कड सुकतेय असं नर्स म्हणते. मोठे डॉ. उद्या बघणार, मग ठरवतील. मायनं आत्ताच सांगून टाकलंय, "परत जातानी मले रेल्वेनं न्या. मी बसून जाईन."