पात्रांवच्या तोंडाचा वास

पेडणे,
श्रावणी सोमवार

ती. वत्सलाताईस,

धाकट्या गोकुळदासचा वाकून नमस्कार. (कंबर देते तेवढाच वाकलो आहे, उरलेला गणेश चवथीला येऊन घे.) तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि तुमच्या शिरगावचा तांबडा धुरळा, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे शेवंती ठणठणीत आहे. तिचा आवाज तिकडे तुमच्यापर्यंत पोचत असेल तर हे वेगळे कळवायला नको. फोन सोडून पत्र का, म्हणशील. फोनवर बोलले की ती ऐकते.

विषय आमच्या कुत्र्याचा, पात्रांवचा. (सेजलने पिल्लू आणले तेव्हा त्याने थेट माझी आरामखुर्ची बळकावली, म्हणून पोरीने त्याचे नाव पात्रांव, म्हणजे मालक, असे ठेवले. मला अजून कुणी तसे म्हटलेले नाही.) गेले काही दिवस आमच्या पडवीत वास येतो. कसा, तर सुक्या बांगड्यांची बरणी पावसात उघडी राहावी तसा. शेवंतीने आधी गटार पाहिले, मग माळ्यावर मेलेला उंदीर शोधला आणि शेवटी हुंगत हुंगत माझ्या खुर्चीपाशी आली. खुर्चीत मी, खुर्चीखाली पात्रांव. निकाल तिथल्या तिथे लागला. "एक तो सुणो चोपड्याक वतलो, ना जाल्यार हांव!" चोपडे हे तिचे माहेर, तेव्हा कुत्रा नाहीतर ती, दोघांपैकी कुणीतरी माझ्या मेव्हण्याच्या, शिवदासच्या गळ्यात पडणार एवढे नक्की झाले. मुदत चवथीपर्यंत, कारण सेजलच्या होणाऱ्या सासरची माणसे तेव्हा पहिल्यांदाच घरी येणार आहेत. ताई, थट्टा बाजूला ठेवून सांगतो, मी नोकरीतून सुटल्यापासून या घरात माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेणारा तो एकटाच आहे. तो गेला तर मला फार जड जाईल.

म्हणून त्याला घेऊन म्हापशाला गेलो. तिथे कुत्र्यामांजरांचे दात साफ करणाऱ्या श्रद्धा नावाच्या डॉक्टरीणबाई आहेत. (हसू नकोस. बाहेर बाकावर एक मांजर माझ्या आधीचा नंबर लावून बसले होते.) त्यांनी पात्रांवचा ओठ वर करून दाढांवर चढलेले कीटण दाखवले. म्हणाल्या, भूल देऊन मशीनने काढावे लागेल, आधी रक्त तपासू, आणि आदल्या रात्रीपासून पोटात कण जाता कामा नये. मला आपल्या बाबांची दाढ आठवली. शेजारच्या सगुणने सुतळी बांधून ओढली होती, तू दिवा धरला होतास आणि मी काजूच्या बागेत पळालो होतो. बाबांचे रक्त कुणी तपासले नाही, ते सगळे अंगणातच सांडले.

तर उपासाचा बंदोबस्त मी जातीने केला. शेवंतीला दटावले, सेजलला दटावले, आणि स्वयंपाकघरापासून लांब म्हणून पात्रांवला नेऊन फाटकाला बांधले. आता पाव घेऊन येणारा पोदेर रोज सकाळी सायकल कुठे थांबवतो? फाटकाशी. आणि पहिला उंडो, म्हणजे गोल पाव, कुणाला देतो? हे मला आठवायला हवे होते, पण मी आत इस्त्रीचा सदरा शोधत होतो. म्हापशाला डॉक्टरीणबाईंनी विचारले, काही खाल्ले तर नाही ना? मी छातीवर हात ठेवून सांगितले, पहारा माझा होता. पात्रांवने माझ्याकडे पाहिले, घसा खाकरला आणि टेबलावर एक उंडो काढून ठेवला, जवळजवळ अखंड. त्यामागोमाग दुसरा. मला बाईंनी परत पाठवले. दुसऱ्या दिवशी पोदेराला जाब विचारला तर तो उलट माझ्यावरच डाफरला, "बांदून घातलेलो गरिबाक, म्हणून एक चड दिलो!" म्हणजे बांधलेल्या गरिबाची दया येऊन एक जास्तच दिला.

दुसऱ्या खेपेला मात्र फत्ते झाली. (पात्रांव न्हाणीघरात कोंडलेला, पोदेर मळ्याच्या वाटेने वळवलेला.) कीटण गेले, दोन हलते दात गेले, आणि भुलीतून उठल्यावर तो दारू प्यायलेल्या वरातीसारखा चालत रिक्षात बसला. आता रोज ब्रश करायचा हुकूम आहे. आपली पेस्ट चालत नाही, कारण कुत्रे थुंकत नाही, गिळते. त्याची पेस्ट वेगळी आणि तिची चव कोंबडीची! आमच्याकडे श्रावण! शेवंतीने ती ट्यूब उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही, ती विहिरीच्या कठड्यावर राहते. दात त्याचे घासायचे आणि आंघोळ मी करायची, त्याशिवाय मला घरात प्रवेश नाही. घासताना मी बोट चाटले नाही. (शेवंतीने विचारले तर तूही हेच सांग.)

एकंदरीत सगळे मार्गी लागले. भावोजींना माझा नमस्कार, त्यांच्या दोन खोकल्यांच्या मधे सांग.

तुझा,
गोकुळदास

ता. क. मार्गी लागले असे वर लिहिले खरे, पण वास अजून आहे. शेवंतीने शिवदासला फोन केला. तो रविवारी टेंपो घेऊन पात्रांवला न्यायला येतो आहे.

ता. क. २. आज सकाळी ब्रश करायला मी वाकलो आणि कौतुकाने त्याच्या तोंडाजवळ तोंड नेले. त्याने हुंगले, मान फिरवली आणि जाऊन तुळशीच्या पलीकडे बसला. मग मी आरशासमोर आ केला. डावीकडची शेवटची दाढ काळी पडली आहे, ताई. तिथून जो वास आला तो ओळखीचा होता.

ता. क. ३. तेव्हा रविवारच्या आत ये. शेवंतीला सांग, तुझे तोंड दुखते आणि म्हापशाला दाताच्या डॉक्टरकडे न्यायला भाऊ हवा. तुझी कवळी आहे हे तिला ठाऊक आहे, म्हणून दात म्हणू नकोस, हिरडी म्हण. डॉक्टरच्या खुर्चीवर मी बसेन, तू माझा हात धर. या वेळी पळणार नाही, पण घट्ट धर. पात्रांवसमोर मात्र हा विषय काढू नकोस. त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, आणि चोपड्याला जायची वेळ आली तरी त्याने माझे नाव घेतले नाही.