वाळू आगिवले ठेवावा की गोलपोस्ट, याबाबत

प्रति,
मा. तालुका क्रीडा अधिकारी,
मुरबाड, जिल्हा ठाणे.

अर्जदार : भगीरथ दामू विशे, बी.ए., चिटणीस, सिद्धगड स्पोर्ट्स क्लब, मु. पांगरवाडी, ता. मुरबाड.

विषय : एक लोखंडी गोलपोस्ट (जाळीसह) मंजूर होणे व अर्धा खेळाडू नियमात बसवून मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाच्या पायरीवर मागच्या सोमवारी झालेली चर्चा. त्या वेळी आपण जेवायला निघाला होतात आणि "लेखी द्या" म्हणालात.

महोदय,

१. अर्जदार संघ हा सिद्धगड परिसरातील आर्थिकदृष्ट्या सर्वांत सक्षम फुटबॉल संघ आहे. परिसरात दुसरा फुटबॉल संघ नाही. संघाची वर्गणी जाहीर होते, जमा होत नाही. देणगी मिळते ती देणगीदाराचा फोटो बॅनरवर छापण्यात जाते. खरे उत्पन्न म्हणजे संघाच्या मालकीची दोन मोठी पातेली आणि एक ताडपत्री, जी लग्नाकार्यात भाड्याने जातात. ज्या वर्षी मुहूर्त कमी, त्या वर्षी संघाला नवा चेंडू मिळत नाही.

२. वाळू आगिवले, वय बावीस, राहणार वरची वाडी, हे संघाचे आघाडीचे खेळाडू. संघाचे आजवरचे सर्व गोल त्यांनीच केलेले आहेत. उरलेले दहा जण वाळूकडे चेंडू पोचवतात आणि पोचल्याबद्दल एकमेकांचे अभिनंदन करतात. मात्र संघाचे गोलपोस्ट बांबूचे होते आणि ते दर शिमग्याला होळीत जात. गेल्या मोसमातील अंतिम सामन्यात वाळू यांचा फटका बांबूला लागून गोलपोस्टच आडवा झाला. पंचांनी बराच विचार करून, चेंडू गेला त्या वेळी जागेवर गोलपोस्ट नव्हता, या कारणास्तव गोल नाकारला. लोखंडी गोलपोस्ट घ्यायचेच, असा ठराव त्याच रात्री झाला. पैशांचा ठराव झाला नाही.

३. अशा वेळी शहापूर तालुक्यातील स्टेशन युनायटेड, आसनगाव या संघाचे अध्यक्ष श्री. सुरेंद्र भोईर यांनी वाळू यांना मागणी घातली. श्री. भोईर यांचे ग्रिलचे दुकान असून, बदल्यात लोखंडी गोलपोस्टची जोडी बनवून देण्यास ते तयार झाले. मोठे क्लब नामांकित खेळाडू विकून पायाभूत सुविधा उभ्या करतात, हे अर्जदाराने मोबाईलवर वाचून समितीस समजावून सांगितले. त्यावर खजिनदार हिराबाई विशे यांनी, "म्हंजे नांगर घ्यायला बैल इकायचा का रे भगीरथ?" असा प्रश्न उपस्थित केला. प्रश्नाची नोंद घेऊन ठराव बहुमताने मंजूर करण्यात आला.

४. खेळाडूच्या हस्तांतरणाचे रीतसर फॉर्म असतात, याची अर्जदारास जाणीव आहे. परंतु ते नोंदणीकृत संघांसाठी असतात आणि येथे दोन्ही संघ नोंदणीकृत नाहीत. एका गावात वाढलेले माणूस दुसऱ्या गावाला कसे द्यायचे, याची आमच्याकडे एकच पद्धत माहीत आहे. वरच्या वाडीत मुलाकडचे मुलीकडच्यांना देज देतात. सबब वाडीतील सर्व सोयरिकी जुळवणारे वयोवृद्ध नवसू आगिवले यांना बोलावून बैठक बसवण्यात आली. सुपारी फुटली, चहा झाला. नवसूबाबांनी पाहुण्यांना पहिला प्रश्न "पोराला खायला काय घालाल?" असा केला. श्री. भोईर यांनी "मेसचा डबा, टायमावर," असे उत्तर दिले. "भात पोटभर ना?" असे विचारता त्यांनी मान हलवली. ती होकारार्थी समजण्यात आली. गोलपोस्टची जोडी हेच देज ठरले. निघताना वाळू यांची ओटी भरावी की नाही, यावर बायांमध्ये दुमत झाल्याने नारळ त्यांच्या किटबॅगेत ठेवण्यात आला.

५. याच बैठकीत नवसूबाबांनी रीतीप्रमाणे वाळू यांना, नव्या नवरीसारखे, पाचव्या दिवशी परतणीला माहेरी पाठवण्याची अट घातली आणि श्री. भोईर यांनी ती, काय आहे ते न विचारता, मान्य केली. महोदय, संपूर्ण प्रकरणात चूक असेल तर ती एवढीच.

६. पाचव्या दिवशी वाळू मुरबाडच्या एस.टी.ने परतणीला आले ते परत गेलेच नाहीत. डब्यात चार चपात्या आणि मूठभर भात येतो, शिवाय आसनगावच्या संघाने आपणास मैदानात न उतरवता पाण्याच्या बाटल्यांशेजारी बसवले, असे त्यांचे म्हणणे पडले. अर्जदाराने त्यांना व्यावसायिक खेळाडूच्या आहाराविषयी समजावले असता ते, "दादा, तुमी जा ना मंग," एवढेच बोलले.

७. दुसऱ्या रविवारी श्री. भोईर टेम्पो, टिकाव आणि चार खेळाडू घेऊन आमचा संघ खेळतो त्या माळावर हजर झाले. "पोरगा द्या नायतर पोस्ट द्या. दोन्ही तुमच्याकडं, हा कुठला धंदा?" असे त्यांचे शब्द होते. त्यावर अर्जदाराने चहा मागवला. पोरगी माहेरी राहिली तर देज परत करावे लागते, हे नवसूबाबांनीही मान्य केले. तथापि संघाच्या आर्थिक स्थितीमुळे देजाची जोडी उभी करताना सिमेंट एकाच बाजूच्या गोलपोस्टला पुरले होते. पाहुण्यांनी दुसऱ्या बाजूचा सहज उपटून टेम्पोत घातला. सिमेंटचा मात्र टिकावाचा दांडा मोडूनही हलला नाही. तेव्हा नवसूबाबांनी निवाडा दिला : "अर्धा देज गेला. आता अर्धा पोर त्यांचा, अर्धा आपला."

८. या निवाड्यानुसार वाळू यांनी प्रत्येक सामन्याचा पूर्वार्ध आसनगावकडून व उत्तरार्ध पांगरवाडीकडून खेळायचा आहे. दोन्ही पक्षांचे अंगठे झाले आहेत. परंतु हेच दोन संघ एकमेकांसमोर आले, तर वाळू यांनी मध्यंतरापूर्वी केलेले गोल मध्यंतरानंतर त्यांनाच फेडावे लागतील. यासंबंधी नियम काय, हे कृपया कळवावे. श्री. भोईर यांनी पूर्वार्ध मुद्दाम मागून घेतला, कारण उत्तरार्धात खेळाडू दमलेला असतो. ही बाब अर्जदाराच्या उशिरा लक्षात आली.

९. सध्या माळावर एकच गोलपोस्ट असल्याने सरावात दोन्ही बाजू एकाच दिशेने चढाई करतात आणि एकाच गोलकीपरला दोन्हीकडून बोलणी बसतात. ४ जानेवारी रोजी संघाची स्पर्धा आहे. आठ संघांची प्रवेश फी घेतली असून ती बॅनर व मांडवात खर्च झाली आहे. त्या दिवशी दुसऱ्या बाजूला गोलपोस्ट नसेल, तर फी परत करण्यासाठी दोन्ही पातेली विकावी लागतील. पातेली गेली की लग्नांचे भाडे गेले आणि भाडे गेले की संघ बंद. पर्याय म्हणून त्या बाजूला दोन माणसे उभी करावीत, अशी सूचना आली होती. परंतु उभे राहायला तयार झालेल्या दोघांनी फटका वाळूचा असणार का, हे आधी विचारून घेतले व नंतर माघार घेतली.

१०. निवाड्याच्या दिवशी वाळू यांच्या मातोश्री ठकीबाई माळावर आल्या होत्या. सर्व ऐकून झाल्यावर त्यांनी, "देज झाला, परतणी झाली, आता पोर मधून कापला. माझ्या पोराला कोनी इचारला का?" असे विचारले. हा मुद्दा विषयपत्रिकेवर नसल्याने पुढील सभेत घेण्याचे ठरले.

तरी मेहेरबान साहेबांनी ४ जानेवारीपूर्वी एक गोलपोस्ट मंजूर करावा, अर्ध्या खेळाडूचा नियम लेखी कळवावा, आणि शक्य झाल्यास उत्तरार्धाऐवजी पूर्वार्ध अर्जदार संघास मिळवून द्यावा. दोन पोती सिमेंट मिळाल्यास संघ आपल्या कार्यालयाचा कायमचा ऋणी राहील, कारण संघास ऋणाची सवय आहे.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
आपला विनम्र,
(सही)
भगीरथ दामू विशे
पांगरवाडी, दि. ८ डिसेंबर २०२५

सोबत :
१) माळाचा फोटो (गोलपोस्ट असलेल्या बाजूने काढलेला).
२) मोडलेल्या टिकावाच्या दांड्याचा फोटो.
३) निवाड्याची प्रत, उभयपक्षी अंगठ्यांसह.
४) खेळाडूची लेखी संमती. ही जोडता आली नाही. काल संध्याकाळी प्रथमच विचारायला वाडीवर गेलो असता, वाळू आगिवले गेल्या आठवड्यापासून कबड्डीच्या संघात असल्याचे समजले.